'स्टार ट्रेक' पुन्हा पाहायची आहे? डिस्क निवडण्यापासून टीव्ही लावण्यापर्यंत, नागपूरकरांसाठी

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अवकाशजहाजावरची अमेरिकी मालिका लागायची. तेव्हा नागपुरातल्या कित्येक घरांत ब्लॅक अँड व्हाइट सेटच होता. त्यामुळे जहाजाचा कॅप्टन कर्क, त्याचा अर्धा परग्रहवासी अधिकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय आपल्याला करड्या रंगात भेटले. ही मालिका तर मुळात रंगांसाठीच बनलेली. ती दाखवणारी अमेरिकेतली एनबीसी वाहिनी आरसीए कंपनीच्या मालकीची होती, आणि आरसीए रंगीत टीव्ही विकत होती. म्हणूनच तो सोनेरी, निळ्या आणि लाल शर्टांचा थाट. जहाजातल्या भिंती राखाडी रंगवलेल्या होत्या आणि छायालेखक जेरी फिनरमन त्यांच्यावर जांभळा, हिरवा, नारिंगी उजेड पाडायचे. यातलं काहीच आपण पाहिलेलं नाही.

ज्यांनी ती तशी पाहिली, ज्यांना आता घरातल्या पोरांना दाखवायची आहे, किंवा ज्यांनी फक्त नाव ऐकलं आहे, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. १९६६ ते १९६९ची ही मूळ मालिका डिस्कवर पाहावी, मूळ इफेक्ट्ससह (म्हणजे जहाजाची आणि ग्रहांची तेव्हाचीच दृश्यं), मूळ मोनो (एकाच वाहिनीच्या) आवाजात आणि मूळ चौकोनी चौकटीत. ओटीटीवर ती येते आणि जाते, आणि बहुतेक वेळा तिथे नव्या इफेक्ट्सचीच आवृत्ती असते. डिस्क एकदा घरात आली की हा प्रश्न उरत नाही. मात्र डिस्क आणण्यापासून ती नीट दिसेपर्यंत वाटेत बरेच खड्डे आहेत.

काय काय लागेल

- मालिकेचा सेट (ब्लू-रे किंवा डीव्हीडी, निवड पुढे सांगितली आहे)
- त्या सेटच्या रीजनची (डिस्क कुठल्या देशांत चालेल ते ठरवणारा कोड) डिस्क वाचणारा प्लेअर
- एचडीएमआय केबल
- परदेशातून मागवणार असाल तर ओळखपत्र (आधार किंवा पॅन), खरेदीचं बिल आणि पैसे भरल्याची पावती
- मऊ, धागे न सोडणारं कापड
- जुन्या कॅसेट चालवायच्या असतील तर चालू व्हीसीआर आणि एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर

१. आधी आवृत्ती ठरवा

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली आवृत्ती सुट्या डीव्हीडींची. एका डिस्कवर दोन भाग, अशा चाळीस डिस्क होत्या. जुन्या बाजारात त्यातल्या दोन-चार सापडतात, पूर्ण संच क्वचितच. याच्या मागे लागू नका.

दुसरी २००४ची. तिन्ही सीझन वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या डब्यांत आले: पहिला पिवळा, दुसरा निळा, तिसरा लाल. यात मूळ इफेक्ट्स आहेत. तुमच्याकडे फक्त डीव्हीडी प्लेअर असेल तर हाच सेट शोधा.

तिसरी, २००८च्या सुमारास आलेली 'रीमास्टर्ड' डीव्हीडी. इथे जपून. मालिकेला चाळीस वर्षं झाली तेव्हा, २००६ पासून, जहाजाची आणि ग्रहांची दृश्यं संगणकावर नव्याने करण्यात आली. या डीव्हीडींवर फक्त तीच नवी दृश्यं आहेत. डब्यावर 'रीमास्टर्ड' वाचून वाटतं की जुनंच चित्र स्वच्छ करून दिलं असेल. घरी आणून लावल्यावर कळतं की जहाजच वेगळं आहे.

चौथी २००९ची ब्लू-रे. तीन सेट, पहिल्या दोन्हींत सात-सात डिस्क आणि तिसऱ्यात सहा, एकूण वीस. यात मूळ आणि नवे असे दोन्ही इफेक्ट्स आहेत. मेनूमध्ये हवे ते निवडता येतात. परवडत असेल तर डोळे झाकून हीच घ्या. तिन्ही एकदम घ्यायची गरज नाही. पहिला सीझन घ्या, तो संपेपर्यंत दुसऱ्याचा विचार करू नका.

'साठ वर्षांपूर्वीच्या मालिकेला ब्लू-रेचा काय उपयोग?' असं बरेच जण विचारतात. उपयोग आहे, कारण ही मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली आणि तिचं संकलनही फिल्मवरच झालं. फिल्ममध्ये जेवढा तपशील आहे तेवढा त्या काळचा टीव्ही दाखवूच शकत नव्हता. आता निगेटिव्ह नव्याने स्कॅन केल्यावर तो दिसतो. हिच्याच पुढच्या पिढीची 'द नेक्स्ट जनरेशन' फिल्मवरच चित्रित झाली, पण तिचं संकलन व्हिडिओ टेपवर झालं होतं. त्यामुळे ब्लू-रे काढताना मूळ फिल्मचे तुकडे शोधून सगळे भाग नव्याने जोडावे लागले. एखादी जुनी मालिका ब्लू-रेवर घ्यावी की नाही हे ठरवताना ती कशावर चित्रित झाली आणि संकलन कशावर झालं, एवढं विचारलं तरी पुरतं.

आता मूळ इफेक्ट्स की नवे? पहिल्यांदा मूळच पाहा. 'एंटरप्राइज' जहाजाची मोठी प्रतिकृती अकरा फूट लांबीची होती (ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे). तिच्यावर पडलेला खरा उजेड, फिल्मचे कण, एकावर एक चित्र छापताना आलेली धूळ, हे सगळं नटांच्या दृश्यांशी एकजीव आहे. नवी दृश्यं देखणी आहेत, पण मध्येच कुणी वेगळ्या काळातलं चित्र चिकटवल्यासारखी वाटतात. दुसऱ्या फेरीत मात्र 'द डूम्सडे मशीन'सारखे भाग नव्या इफेक्ट्सने जरूर पाहा, तिथे ते फार छान जमले आहेत.

एक सापळा राहिलाच. पहिला सीझन २००७ मध्ये 'एचडी डीव्हीडी' नावाच्या प्रकारातही आला होता. तो प्रकार लवकरच बंद पडला. ती डिस्क ब्लू-रे प्लेअर ब्लू-रे म्हणून वाचत नाही, फक्त तिची डीव्हीडीची बाजू चालते. जुन्या मालात स्वस्तात दिसली तर वेष्टनावर 'एचडी डीव्हीडी' लिहिलं आहे का ते बघा. त्या डब्यांचा रंग साधारण लाल असतो, ब्लू-रेचा निळा.

२. रीजन, पाल-एनटीएससी आणि व्होल्टेज

डीव्हीडीसाठी भारताचं रीजन ५, अमेरिकेचं १, इंग्लंडचं २. ब्लू-रेसाठी भारत सी, अमेरिका ए, इंग्लंड बी. डब्याच्या मागच्या बाजूला छोट्या चिन्हात हे लिहिलेलं असतं. ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवा. 'सगळीकडे चालते' या शब्दावर जाऊ नका.

आपल्याकडचे बरेच डीव्हीडी प्लेअर रिमोटवरून एक कोड दाबून सगळ्या रीजनसाठी मोकळे करता येतात. दुकानदाराला विचारलं की तो करून देतो. लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हचं तसं नाही. त्याचं रीजन पाचदाच बदलता येतं, शेवटचं निवडलेलं कायमचं बसतं. भाच्याच्या लॅपटॉपवर सहज म्हणून बदलायला जाल आणि त्याची ड्राइव्ह एका रीजनला अडकून बसेल.

पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती, त्यांचा मुद्दा फक्त डीव्हीडीपुरता आहे. अमेरिकी डीव्हीडी एनटीएससी असते, इंग्लंडची पाल. आजचे एलईडी टीव्ही दोन्ही घेतात. जुन्या काचेच्या टीव्हीवर एनटीएससी लावलं तर चित्र रंग सोडतं किंवा वरखाली धावतं. पालचीही एक खोड आहे. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, पालमध्ये ती २५ने चालवतात. त्यामुळे पन्नास मिनिटांचा भाग अठ्ठेचाळीस मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. शीर्षकसंगीत पाठ असणाऱ्याला हे लगेच खटकतं. ब्लू-रेवर हा त्रास नाही.

अमेरिकेतून कुणी प्लेअर आणणार असेल तर त्याच्या पाठीवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलंय का ते आधी बघायला सांगा. फक्त '१२० व्होल्ट' असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावल्याक्षणी जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा तो प्लेअर न आणलेलाच बरा.

३. प्लेअर

नवे ब्लू-रे प्लेअर आता दुकानांत फार दिसत नाहीत. बर्डीला मोठ्या शोरूममध्ये विचारलं तर बहुतेक ठिकाणी नाहीच म्हणतील. त्यापेक्षा घरात किंवा ओळखीत प्लेस्टेशन ४ किंवा ५ आहे का बघा. डिस्क घालायची फट असलेलं प्लेस्टेशन ब्लू-रे आणि डीव्हीडी दोन्ही चालवतं. 'डिजिटल' नावाच्या मॉडेलला ती फट नसते. भारतात विकलेलं कन्सोल ब्लू-रेसाठी भारताचंच रीजन पाळतं, हेही लक्षात ठेवा.

संगणकाला यूएसबीने ब्लू-रे ड्राइव्ह जोडायचा विचार असेल तर ब्लू-रे चालवणारं विकतचं सॉफ्टवेअर वेगळं लागतं. डिस्कवर कुलूप असतं, फुकटचे प्लेअर ती तशीच उघडत नाहीत.

वापरलेला प्लेअर घेणार असाल तर एक डीव्हीडी आणि एक ब्लू-रे दोन्ही बरोबर न्या आणि दुकानातच पाच-दहा मिनिटं चालवून बघा. ट्रे दोन-तीनदा उघडून बंद करा. ट्रे अडखळत असेल तर आत रबराचा पट्टा सैल झालेला असतो, तो बदलता येतो. डीव्हीडी चालते आणि ब्लू-रे 'डिस्क नाही' म्हणते, असं झालं तर लेन्स गेली आहे. तो प्लेअर तिथेच ठेवून या.

४. परदेशातून मागवताना

अमेरिकेतला किंवा इंग्लंडमधला कुणी नातेवाईक येणार असेल तर त्याच्या बॅगेतून आणणं सगळ्यात सोपं. वीस डिस्कचा डबा फार जागा घेत नाही, आणि प्रवाशाच्या शुल्कमुक्त मर्यादेत आरामात बसतो.

कुरिअरने मागवलंत तर ओळखपत्राची प्रत मागतील. ती दिल्याशिवाय पार्सल पुढे सरकत नाही. सीमाशुल्क फक्त सेटच्या किमतीवर लागत नाही, पाठवण्याचा खर्चही त्यात धरला जातो, वर आयजीएसटी आणि कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार. म्हणून ऑर्डर देताना समोर दिसणाऱ्या आकड्यावर बजेट ठरवू नका. कार्डावर परकीय चलनाचा आकार लागतो तो वेगळाच.

'भेट म्हणून पाठव, म्हणजे काही लागत नाही,' असं अजूनही बरेच जण सांगतात. ही सवलत डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतली आहे. राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेटीवरही शुल्क भरावं लागतं. बिलावर किंमत कमी लिहायला कुणाला सांगू नका, पार्सल अडकलं की सोडवताना त्याहून जास्त जातात.

५. सेट हातात आला की

डबा उघडतानाच मोबाइलवर व्हिडिओ काढा. डिस्क हरवलेली किंवा तडकलेली निघाली तर तक्रारीला तोच पुरावा. वापरलेला सेट असेल तर प्रत्येक डिस्कचा क्रमांक तपासा. एकाच सीझनची तिसरी डिस्क दोनदा आणि चौथी नाहीच, असे सेट विकले जातात.

डिस्क उजेडात तिरपी धरा. छापील वरची बाजू गुळगुळीत आणि खालची रुपेरी असेल तर ठीक. वर चिकटवलेला कागद आणि खाली जांभळट झाक म्हणजे घरी जाळलेली नक्कल. पुसायची असेल तर मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. ब्लू-रेमधला माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत ०.६. कंपन्या ब्लू-रेवर कडक लेप देतात तो यासाठीच, तरी तिच्यावर सांडशीसारखी बोटं दाबू नका.

६. टीव्ही नीट लावा

चांगली डिस्क आणि चुकीची सेटिंग हे फार घरांत दिसतं. वीस मिनिटं द्या, पुढची तिन्ही वर्षांची मालिका त्यावर दिसणार आहे.

आधी चौकट. मालिका ४:३ प्रमाणात आहे, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे येणारच. घरात कुणीतरी म्हणेल, 'पडदा पूर्ण भरत का नाही?' आणि रिमोटवरून चित्र ताणेल. ताणलं की स्पॉकचा लांबट चेहरा गोल होतो आणि जहाजाची तबकडी अंडाकृती होते. प्लेअरमध्ये टीव्हीचा प्रकार १६:९ ठेवा आणि टीव्हीमध्ये 'ओरिजिनल' किंवा 'जस्ट स्कॅन' यासारखा पर्याय निवडा. त्याने चित्राच्या कडाही कापल्या जात नाहीत.

मग हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. प्रत्येक कंपनीत तिचं नाव वेगळं आहे, पण त्यात 'मोशन' हा शब्द बहुधा असतोच. ती चालू असली की फिल्म एखाद्या रोजच्या मालिकेच्या शूटिंगसारखी दिसते. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. 'नॉइज रिडक्शन' बंद. चित्रात बारीक कण हलताना दिसतील, ते फिल्मचेच आहेत, दोष नाही. पिक्चर मोड 'व्हिविड' असेल तर 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' करा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, नंतर डोळा बसतो.

रंग जुळवताना एक गोष्ट माहीत असलेली बरी. कॅप्टनचा शर्ट सोनेरी दिसतो, पण ते कापड मुळात हिरवट रंगाचं होतं. सेटवरच्या दिव्यांत आणि फिल्मवर ते सोनेरी उतरलं. काही भागांत कर्क पुढून गुंडाळलेला वेगळा अंगरखा घालतो, तो मात्र स्पष्ट हिरवा दिसतो, कारण कापड वेगळं होतं. ब्लू-रेवर एकाच भागात दोन्ही दिसले की लोक टीव्हीचा रंग बिघडला असं समजून सेटिंग हलवत बसतात. शर्टावरून रंग जुळवू नका, चेहऱ्यांवरून जुळवा. उहुरा (जहाजावरची कृष्णवर्णीय अधिकारी) आणि कर्क एका चौकटीत असलेलं दृश्य थांबवा. दोघांची कातडी जिवंत माणसांची वाटली की झालं. पहिल्या दोन सीझनमध्ये शर्ट मखमलीसारख्या वेलूर कापडाचे आहेत, जवळच्या दृश्यात त्याची लव दिसायला हवी. ती दिसत नसेल तर नॉइज रिडक्शन अजून कुठेतरी चालू आहे. (तिसऱ्या सीझनमध्ये कापडच बदललं, तिथे लव शोधू नका.)

७. आवाज आणि कूलर

ब्लू-रेवर नवा ७.१ (अनेक स्पीकरसाठीचा) आवाज आपोआप लागतो. त्यात जहाजाचे आवाज आजूबाजूला फिरतात. ऑडिओच्या मेनूत जाऊन मूळ मोनो निवडा. संवाद त्यात मधोमध आणि स्वच्छ येतात, साध्या टीव्हीच्या स्पीकरवर तर फारच फरक पडतो.

खरी अडचण नागपूरच्या उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे असतो, कूलर बंद करून बसणं शक्य नाही, आणि कूलरचा घरघराट नेमका संवादांवर बसतो. आवाज वाढवत नेला की संगीत कान फोडतं. इंग्लिश सबटायटल्स चालू ठेवा, सगळ्यांची सोय होते. मराठी सबटायटल्स डिस्कवर नाहीत, त्यामुळे आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर भाग सुरू करण्याआधी दोन-तीन वाक्यांत गोष्टीची सुरुवात सांगून टाका. शेवट सांगू नका.

प्लेअर कूलरच्या झोतात ठेवू नका. ओलसर हवा आणि पाण्यातले क्षार दोन्ही आत जातात, पांढरट थर बसतो, आणि लेन्सचं आयुष्य कमी होतं. डिस्क पश्चिमेच्या खिडकीजवळच्या कपाटात किंवा उभ्या गाडीत राहू देऊ नका. वाकलेली डिस्क सरळ होत नाही. मनात असेल तर हिवाळ्यात सुरुवात करा. रविवारी सकाळी तर्रीपोहे आणून, पडदे ओढून एक भाग, याहून चांगली वेळ मला माहीत नाही.

८. घरात जुनी व्हीएचएस कॅसेट असेल तर

कुणाकुणाकडे दूरदर्शनवरून भरलेल्या कॅसेट अजून आहेत. त्या टाकू नका, त्यावर मालिकेबरोबर त्या काळच्या जाहिराती आणि निवेदनंही असतात. पण लगेच व्हीसीआरमध्येही घालू नका. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे बघा. पांढरे ठिपके किंवा भुकटी दिसली तर बुरशी आहे. ती एकदा व्हीसीआरच्या हेडला लागली की पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

व्हीसीआर वर्षानुवर्षं पडून असेल तर आतलं रबर कडक झालेलं असतं. बर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत किंवा इतवारीत एखादे जुने मेकॅनिक काका शोधा, पन्नाशी-साठीतले. 'काका, हा कॅसेट ओढून राहिला, पण चालवून नाही राहिला,' एवढं सांगितलं की त्यांना पट्ट्याचा दोष कळतो. 'ठेवून जा, पाहून सांगतो,' म्हणतील. ठेवून यायला हरकत नाही, पण कॅसेट मात्र त्यांच्याकडे ठेवू नका, घरी आणा.

चालू झाला की एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टरने टीव्हीला जोडा आणि पहिल्याच वेळी संगणकावर भरून घ्या. जुनी टेप कितीदा चालेल याचा भरवसा नसतो.

९. कोणत्या क्रमाने पाहायची

एकूण ७९ भाग आहेत: पहिल्या सीझनमध्ये २९, दुसऱ्यात २६, तिसऱ्यात २४. प्रत्येकी सुमारे पन्नास मिनिटं, म्हणजे साधारण ६६ तास. हे भाग आठवड्याला एक पाहण्यासाठी लिहिलेले आहेत. एका रात्रीत चार लावले की त्यांची बांधणी सारखी वाटू लागते आणि कंटाळा येतो. एका बैठकीला एकच.

डिस्कवर भाग प्रक्षेपणाच्या क्रमाने आहेत, चित्रीकरणाच्या नाही. ८ सप्टेंबर १९६६ला पहिला दाखवला गेला तो 'द मॅन ट्रॅप'. तिसरा दाखवलेला 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' मात्र त्याच्याही आधी, नमुना म्हणून चित्रित झाला होता. त्यामुळे त्यात अचानक कपडे वेगळे दिसतात आणि डॉक्टर मॅकॉय नसतातच, दुसरेच डॉक्टर असतात. काही चुकलं आहे असं समजू नका.

नव्या माणसाला सुरुवात मी 'बॅलन्स ऑफ टेरर'ने करायला सांगतो. दोन जहाजं एकमेकांना न दिसता एकमेकांचा माग काढतात, पाणबुडीच्या युद्धपटासारखा ताण. शत्रूचा चेहरा पहिल्यांदा दिसतो, तो स्पॉकसारखाच निघतो, तेव्हा जहाजावरचाच एक अधिकारी स्पॉककडे संशयाने बघू लागतो. अवकाशातली गोष्ट सांगता सांगता ही मालिका माणसांमधल्या संशयाबद्दल काय बोलते, ते या एका भागात कळतं. त्यानंतर 'द डेव्हिल इन द डार्क', खाणीतल्या राक्षसाची गोष्ट. ती मुलांबरोबर पाहा आणि संपल्यावर त्यांना बोलू द्या. मग 'स्पेस सीड'. यातला खलनायक खान नून्येन सिंग उत्तर भारतातला, बहुधा शीख, असा उल्लेख भागातच आहे. काम केलंय मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्दो मोन्ताल्बान यांनी, आणि पडद्यावरून नजर हटत नाही. शेवटच्या मारामारीत ब्लू-रेवर बदली नटाचा चेहरा सरळ ओळखू येतो, तेव्हाच्या टीव्हीवर तो दिसणार नाही याची खात्री होती. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' मात्र घाईने पाहू नका. तो सीझनच्या शेवटाकडे आहे, तिथेच राहू द्या. कर्क आणि स्पॉक यांच्याशी पुरती ओळख झाल्यावरच त्याचा घाव बसतो.

दुसऱ्या सीझनमध्ये चेकॉव्ह हा तरुण अधिकारी जहाजावर येतो. 'अमॉक टाइम', 'मिरर, मिरर', 'द डूम्सडे मशीन', 'जर्नी टू बॅबेल' आणि 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' हे अजिबात सोडू नका. स्पॉकला समजून घ्यायचं असेल तर पहिला आणि चौथा लागोपाठ पाहा.

तिसऱ्या सीझनबद्दल सावध करतो. दुसऱ्या सीझननंतर मालिका बंद होणार अशी बातमी होती, प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि ती वाचली. पण बजेट कापलं गेलं आणि वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची. सीझनची सुरुवात 'स्पॉक्स ब्रेन'ने होते, तो फार कच्चा भाग आहे. बरेच जण तिथेच थांबतात. तो नंतरसाठी ठेवा आणि 'द एंटरप्राइज इन्सिडेंट', 'द थोलियन वेब', 'डे ऑफ द डव्ह' आधी पाहा. बायकांना दिलेली वागणूक आणि त्यांचे कपडे तिन्ही सीझनमध्ये जागोजागी खटकतील. मुलांबरोबर पाहत असाल तर ते तिथल्या तिथे बोलून घ्यावं, टाळू नये. त्याच जहाजावर उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी म्हणून बसलेली आहे, तेही १९६६ मध्ये, हेही त्यांना सांगावं.

'द केज' हा वाहिनीने नाकारलेला पहिला नमुना तिसऱ्या ब्लू-रे सेटमध्ये आहे. त्यातली बरीच दृश्यं पहिल्या सीझनच्या 'द मिनॅजरी' या दोन भागांत वापरली आहेत. आधी 'द मिनॅजरी' पाहा. 'द केज' अगदी शेवटी, सगळे ७९ झाल्यावर. आणि 'स्पेस सीड' आवडला असेल तर खानची पुढची गोष्ट १९८२च्या दुसऱ्या चित्रपटात आहे, त्याची डिस्क या सेटमध्ये नाही, वेगळी घ्यावी लागते.